जुन्या लॅपटॉपचा पीसीएमसीआयए स्लॉट आणि स्वतः बांधलेला कर्नल: आठ महिन्यांनंतर

साकीनाक्याला मामेभावाच्या गाळ्यात एक जुनी सीएनसी (संगणकी प्रोग्रामवर चालणारी) मशीन आहे. प्रोग्राम घेते तो आरएस-232 (जुन्या सीरियल पद्धतीच्या) केबलमधूनच. यूएसबीच्या अडॅप्टरने आम्ही वर्षभर त्रास काढला. मशीन 'थांब' म्हणायची, पण तोवर अडॅप्टरच्या पोटात शिरलेली अक्षरं बाहेर पडतच राहायची. मशीनचा बफर (आलेली अक्षरं साठवायची जागा) भरला की अलार्म, आणि चालू जॉब भंगारात.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून पीसीएमसीआयए स्लॉटमध्ये (लॅपटॉपच्या कडेला कार्ड घालायच्या जुन्या खाचेत) बसणारं 16 बिटचं सीरियल कार्ड आणलं. लॅपटॉप जुना असल्याने स्लॉट होताच. लिनक्सच्या स्टॉक कर्नलवर (सिस्टिमबरोबर आलेल्या तयार गाभ्यावर) कार्ड लगेच चाललं. मग मी हलका कर्नल बांधायला घेतला आणि तिथे दोन रात्री गेल्या.

चूक 'लोकलमॉडकॉन्फिग' या नको ते ड्रायव्हर छाटणाऱ्या कमांडच्या वेळी झाली. ते त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (ड्रायव्हरचे सुटे तुकडे) ठेवतं, आणि कार्ड तेव्हा खिशात होतं! स्लॉटला लॅपटॉपशी जोडणाऱ्या ब्रिजचा ड्रायव्हर, येंटा सॉकेट, राहिला, पण 16 बिट पीसीएमसीआयए आणि सीरियलचा ड्रायव्हर दोन्ही उडाले. त्यामुळे स्लॉटची माहिती देणाऱ्या कमांडपैकी 'पीसीकार्डसीटीएल स्टेटस' म्हणायचं कार्ड आहे, आणि 'आयडेंट' म्हणायचं माहितीच नाही. मी स्लॉट खराब झाला समजून पिना तपासत बसलो.

कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये पीसीकार्डच्या खाली 16 बिट, 32 बिट कार्डबस आणि येंटा ब्रिज असे पर्याय आहेत. कार्डबसची कार्डं पीसीआयसारखी दिसतात, त्यांना 16 बिटचा पर्याय लागत नाही. आमच्या कार्डाला मात्र तो हवाच, शिवाय सीरियल ड्रायव्हर्समध्ये 8250 (सीरियल पोर्टच्या चिपचा प्रकार) चा पीसीएमसीआयए पर्यायही. तो वेगळ्या मेन्यूत असल्यामुळे हमखास राहून जातो. कार्ड घालून, पोर्ट उघडा ठेवून पुन्हा लोकलमॉडकॉन्फिग केलं. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 16550ए (सीरियल चिपचं नाव) असलेली ओळ दिसली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मी भावाला तेव्हाच फोन केला.

तेव्हापासून एकही जॉब मध्येच थांबलेला नाही. पावसाळ्यात मात्र दोनदा कार्ड ओळखलं गेलं नाही. 68 पिनांच्या टोकांवर काळपट थर आला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागला. कार्ड ओढण्याआधी मी 'पीसीकार्डसीटीएल इजेक्ट' देतोच.

6.4 आवृत्तीत लिनक्स कर्नलमधून पीसीएमसीआयएचे काही जुने कॅरेक्टर ड्रायव्हर काढून टाकले, सीरियलचा राहिला. म्हणून नवा कर्नल बांधला तरी जुना ग्रबमध्ये (सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीत) ठेवतो, आणि गाळ्यातल्या लॅपटॉपवरचा कर्नल बदलतो तो रविवारीच, मशीन बंद असताना.