मांजराचा लिटर बॉक्स: तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मांजर पाळताय, तर दुकानातल्या तयार लिटर बॉक्सच्या, म्हणजे मांजराने सू-शी करायच्या पेटीच्या, नादी लागू नका. 80 ते 100 लिटर पाणी मावेल असा साधा प्लॅस्टिक टब घ्या, त्याला दार कापा आणि त्यात लिटर म्हणून, म्हणजे सू शोषणारे दाणे म्हणून, बिनवासाचं बेंटोनाइट घाला. उन्हाळा, पावसाळा, थंडी असा सगळा काळ हीच मांडणी वापरून झाल्यावरचं हे मत आहे. मधल्या काळात पाइनच्या गोळ्या, टोफू आणि सिलिका हे लिटरचे प्रकारही वापरून झाले. त्यांचंही सांगतो, पण सुरुवात मापापासून, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजा. बॉक्स त्याच्या किमान दीडपट लांब हवा. आपलं देशी मांजर साधारण 40 ते 45 सेंमी भरतं, म्हणजे बॉक्स 60 ते 67 सेंमी हवा. दुकानात सर्रास मिळणारे बॉक्स 40 ते 50 सेंमीचे असतात. त्यात मांजराला धड वळता येत नाही. पुढचे पाय आत आणि मागचा भाग काठावर अशा अवस्थेत ते बसतं आणि सू थेट फरशीवर जाते. मग घरातले म्हणतात की मांजराला सवयच लागत नाही. सवय लागलेली असते, जागा पुरत नसते.

टब रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा तुळशीबागेच्या आसपास सहज मिळतो. जाताना मोजपट्टी न्या. या टबच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे तळ तोंडापेक्षा सात-आठ सेंमीने लहान निघतो. दुकानदार तोंडाचं माप सांगतो, आपल्याला तळाचं हवं असतं. तळ कमीत कमी 60 बाय 40 सेंमी आणि उंची 35 सेंमीच्या वर असली की झालं. टब उलटा करून खाली त्रिकोणात 5 आकडा आहे का ते पाहा. ते पॉलिप्रॉपिलीन, जरा लवचिक असतं आणि कापताना तडकत नाही. काचेसारखे पारदर्शक, टिचकी मारल्यावर कडक वाजणारे टब दिसायला छान असतात, पण करवत लावली की चिरतात. आणखी एक गोष्ट: आत हात घालून तळ चाचपा. चाकांच्या खाचा किंवा उंच पट्ट्या असतील तर तो टब नको. त्या खाचांत ओलं लिटर चिकटतं, तिथे स्कूप (उपसायचा झारा) पोचत नाही आणि वासाचं मूळ तिथेच राहतं.

दार आखूड बाजूला कापायचं. लांब बाजूचा काठ तोडला की ती भिंत बाहेर फुगते. दाराची रुंदी 22 ते 25 सेंमी, दोन्ही कोपऱ्यांना किमान 7 सेंमी भिंत शिल्लक आणि उंबरा जमिनीपासून 14 सेंमी. लिटरचा थर 6-7 सेंमीचा असतो, त्यामुळे आतून उंबरा सात-आठ सेंमीच उरतो. मांजराला तो अडत नाही आणि उकरलेले दाणे मात्र अडतात. मार्करने आखा, रेषेवर मास्किंग टेप लावा. खालच्या दोन कोपऱ्यांवर 10 मिमीचं भोक पाडा आणि मग वरून बारीक दात्याच्या हॅक्सॉ ब्लेडने भोकापर्यंत कापत या. भोकं टाळू नका. काटकोनात कापलेल्या प्लॅस्टिकला पुढे कोपऱ्यातूनच चीर जाते, गोल भोकामुळे ती थांबते. तापवलेल्या सुरीने कापायचा सल्ला बरेच जण देतात. त्यात धूर होतो, कड गाठाळ होते आणि ती घासताना दुप्पट वेळ जातो.

कड 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग 220 ने. त्यावर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब लांबीत चिरून बसवा. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते, एक मीटर पुरते. कोपऱ्यात ट्यूब वर उचलली जाते. तिथे आतल्या बाजूने एक छोटी खाच दिली की नीट बसते. ही ट्यूब शोभेची नाही. नुसत्या कडेवर पोट घासलं की मांजर एकदोनदा बिचकतं आणि नंतर त्या दाराकडे फिरकत नाही.

झाकण मात्र फेकून द्या, किंवा टबखाली ठेवा. झाकणाचे बॉक्स माणसांना आवडतात, कारण वास बाहेर येत नाही. तो वास आत कोंडतो. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि मांजराचं नाक त्या अमोनियापासून वीतभर अंतरावर असतं. झुलतं दार असेल तर आणखी वाईट.

आता लिटर. बेंटोनाइट म्हणजे फुगणारी माती. आपल्याकडे ती मोठ्या प्रमाणात कच्छमधून येते. सोडियम बेंटोनाइट पाणी शोषून घट्ट ढेकूळ करतं. कॅल्शियमचं कमी फुगतं आणि ढेकूळ भुसभुशीत राहतं. पिशवीवर हे नीट लिहिलेलं असतंच असं नाही, म्हणून मोठी पिशवी घेण्याआधी छोटी आणून तपासा. वाटीत तीन बोटं लिटर घ्या, मधोमध दोन चमचे पाणी ओता, पंधरा मिनिटं थांबा आणि बनलेलं ढेकूळ वीतभर उंचीवरून ताटात टाका. अखंड राहिलं तर घ्या. दोन तुकडे झाले तरी एक वेळ चालेल. भुगा झाला तर पावसाळ्यात त्याचा चिखलच होणार. धुळीसाठी काळ्या कापडावर फूटभर उंचीवरून मूठभर ओतून पाहा. कापड पांढरं पडलं तर ती धूळ तुमच्या आणि मांजराच्या छातीत जाणार आहे. लॅव्हेंडर, लिंबू वगैरे सुगंधाचं लिटर घेऊ नका. बऱ्याच मांजरांना ते नको असतं.

60 बाय 40 च्या तळाला 10 किलोची पिशवी ओतली की जेमतेम साडेचार सेंमी थर होतो. नीट 6 सेंमी हवा असेल तर साधारण 13 किलो लागतं. पहिल्यांदा हे जास्त वाटतं, पण पातळ थरात लघवी थेट तळाला जाते, तिथे थापल्यासारखी चिकटते आणि उपसताना फुटते. थर जाड असेल तर ढेकूळ मधल्यामध्ये बनतं, अलगद निघतं आणि बाकीचं लिटर कोरडं राहतं. पुढे एका मांजरामागे महिन्याला 5 ते 7 किलोची भर लागते.

उन्हाळ्यात ही मांडणी बिनतक्रार चालते. हवा कोरडी असते, ढेकूळ पाचएक मिनिटांत दगडासारखं होतं. धूळ तेवढी जास्त उडते. खरी परीक्षा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. हवेतला दमट ओलावा लिटर स्वतःच ओढून घेतं, वरचा थर हाताला गार आणि किंचित चिकट लागतो. अशा दिवसांत ताजं ढेकूळ लगेच उचललं की स्कूपवर वरचा अर्धा भाग येतो, खालचा सुटतो आणि त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे बाकीच्या लिटरमध्ये मिसळतात. दिसत नाहीत, पण दोन दिवसांत वास तेच सुरू करतात. उपाय साधे आहेत. पावसाळाभर थर 8 सेंमीपर्यंत वाढवायचा. ढेकूळ अर्धा-पाऊण तास आवळू द्यायचं. उरलेली पिशवी उघडी न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ओतायची. आणि टब जिथे झड येते तिथून हलवायचा. तळाला चिकटलंच तर प्लॅस्टिकची पट्टी आडवी सरकवून सोडवा. लोखंडी उलथन्याने खरवडलं की तळावर ओरखडे पडतात, त्यात लघवी मुरते आणि मग कितीही धुतलं तरी वास जात नाही. असे ओरखडे बोटाला लागायला लागले की टब बदलायचा, त्याची डागडुजी होत नाही.

टोफू लिटर हलकं असतं, धूळ जवळपास नाही, जिना चढून आणायला सोपं. फेब्रुवारी ते मे मला ते पसंत आहे. पावसाळ्यात नाही. ते सोयाबीनच्या चोथ्याचं असतं, म्हणजे शेवटी खाद्यपदार्थच. मुंग्या लागतात, उघड्या पिशवीत बुरशी धरते. सिलिकाचे खडे दमट हवेतच भरून जातात, त्यामुळे पाकिटावर लिहिलेले दिवस आपल्याकडे जुलैत मिळत नाहीत. पाइनच्या गोळ्या चांगल्या, विशेषतः पिल्लांसाठी, पण त्यांची पद्धत उलटी आहे. त्यांचं ढेकूळ होत नाही, ओल्या झाल्या की भुसा होतो. त्यामुळे एकात एक बसणारे दोन टब लागतात, वरच्याच्या तळाला 4 मिमीची भोकं. गोळी 6 मिमी जाडीची असते, ती वर राहते आणि भुसा खाली पडतो. भोकं 6 मिमीची केली तर उभी गोळीही पडते. बॉयलरसाठी विकतात त्या जळणाच्या गोळ्या स्वस्त म्हणून आणू नका. त्यात काय काय दाबलंय याचा भरवसा नसतो.

बांधकामाची वाळू आणि वखारीतला भुसा हे दोन फुकटातले उपाय पुण्यात खूप चालतात. वाळूत लघवी सरळ खाली उतरते, काढता येत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत सगळी टाकावी लागते. भुशात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते. गावाकडे मागच्या अंगणात ठीक, बंद फ्लॅटमध्ये नको.

जागा ठरवताना आपल्याकडे ड्राय बाल्कनी पहिली डोळ्यांसमोर येते. तिथे वॉशिंग मशीन असतं. मांजर आत बसलेलं असताना स्पिन सुरू झालं की ते उधळतं आणि त्या जागेचा धसका घेतं. मशीनपासून दूरचा कोपरा असेल आणि जाळी पक्की असेल तरच ड्राय बाल्कनी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा म्हातारं मांजर बाहेर जायला कंटाळतं, हेही लक्षात ठेवा. बाथरूममध्ये ठेवायचा तर टब विटांवर किंवा पाटावर उचलून ठेवा आणि दाराला स्टॉपर लावा, नाहीतर पाहुणे दार लावून घेतात. जेवणाच्या ताटल्या दुसऱ्या खोलीत हव्यात. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त. हे बॉक्स वेगवेगळ्या जागी हवेत, कारण शेजारी शेजारी ठेवलेले दोन टब दादागिरी करणाऱ्या बोक्याला एकाच वेळी अडवता येतात.

दिवसातून दोनदा उपसायचं. स्कूप म्हणून जाळीचा स्टीलचा झारा उत्तम, भोकं 8 मिमीच्या आसपासची. तो लाल दोऱ्याने बांधून टबपाशीच टांगा, म्हणजे चुकूनही ओट्यावर जाणार नाही. दारासमोर काथ्याचं जाड पायपुसणं टाका. पंज्यांतले बरेचसे दाणे त्यात झडतात.

उपसताना ढेकळं मोजायची सवय लावा. बेंटोनाइटचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. निरोगी मांजराची दिवसाला साधारण दोन ते चार लघवीची ढेकळं निघतात. अचानक ती खूप मोठी किंवा जास्त व्हायला लागली तर किडनी आणि साखर तपासून घ्या. बोराएवढी बारीक, पुष्कळ ढेकळं म्हणजे मूत्राशयाला त्रास. आणि बोका वारंवार बसून जोर करतोय, पण ढेकूळच नाही, तर उद्यावर ढकलू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या.

महिन्यातून एकदा टब रिकामा करून गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग नवीन लिटर. फिनेल अजिबात नको, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही नको. त्यात बऱ्याचदा फिनॉलसारखी द्रव्यं असतात आणि मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. पंजे चाटताना ती पोटात जातात. ब्लीच तर लघवीतल्या अमोनियाबरोबर विषारी वायू करतं. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांना हे आधी समजावून सांगा, कारण बाथरूम धुताना टबावर फिनेल मारणं त्यांना स्वच्छतेचंच काम वाटतं. घरात कोणी गरोदर असेल तर उपसण्याचं काम दुसऱ्याने करावं. गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, त्यामुळे रोज उपसलं की धोका बराच कमी होतो.

काढलेलं लिटर कमोडमध्ये टाकू नका. बेंटोनाइट पाइपच्या वळणात फुगतं आणि खालच्या मजल्यापर्यंत तुंबतं. टोफूवर "फ्लश करता येतं" असं लिहिलेलं असलं तरी जुन्या इमारतींच्या ड्रेनेजवर तो प्रयोग नको. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातही नाही, जंत आणि टोक्सोप्लाझ्मा तिथे मरतीलच असं नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, बाहेरून लाल खूण करा आणि सॅनिटरी कचऱ्यासारखं वेगळं द्या. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात. त्यांच्या हातात उघडी शी जाऊ नये, एवढं आपल्याला करता येतं.

दोन महिन्यांखालच्या पिल्लांना ही मांडणी जशीच्या तशी देऊ नका. ती लिटर चाखून पाहतात आणि फुगणारी माती पोटात अडकू शकते. त्यांना पाइनच्या गोळ्यांचा तीन-चार सेंमी थर आणि 6 सेंमी उंबऱ्याचा छोटा ट्रे द्या. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजरासाठी उंबरा 10 सेंमीवर आणा, दाणे थोडे जास्त सांडतील. जुन्या लिटरवरून नव्यावर जाताना एकदम बदल नको: आधी पाव भाग नवीन, तीन-चार दिवसांनी अर्धा, मग पाऊण. मध्येच मांजर बाहेर करायला लागलं तर आधीच्या प्रमाणावर परत या आणि आठवडाभर तिथेच थांबा.