सॅन फ्रान्सिस्को खाडीचा पाण्याचा डेटा: अव्वल, पण सरासरी काढण्याआधी हे वाचा

खाडीतल्या वनस्पती प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) बहर दशकागणिक कसे बदलतात हे शिकायला यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या या डेटाइतकं चांगलं साधन क्वचितच मिळेल. नोंदी 1969 पासूनच्या आहेत आणि त्या मोफत मिळतात. संशोधन जहाज साधारण महिन्यातून एकदा दक्षिण टोकापासून सॅक्रामेंटो नदीवरच्या रिओ व्हिस्टापर्यंत 145 किलोमीटर जातं. ठरलेल्या स्थानकांवर खोलीच्या दर मीटरला क्षारता, तापमान आणि क्लोरोफिल (प्लवक किती आहेत हे सांगणारं हरितद्रव्य) मोजलं जातं.

क्लोरोफिलचे रकाने दोन आहेत, आणि पहिली चूक इथेच होते. एकात पाणी गाळून प्रयोगशाळेत काढलेला आकडा असतो. दुसऱ्यातला सेन्सरनं टिपलेल्या प्रकाशदीप्तीवरून (प्रकाश पडल्यावर क्लोरोफिल जी चमक देतं तिच्यावरून), त्या-त्या फेरीच्या नमुन्यांशी जुळवून काढलेला. दोन्ही एकाच मालिकेत मिसळू नका. भर उन्हात पृष्ठभागालगतची दीप्ती दबते, म्हणून सेन्सरचा आकडा 2 मीटर खोलीचा घ्या.

दुसरी चूक सरासरीची. वसंतात फेऱ्या जास्त होतात, त्यामुळे सगळ्या नोंदींची थेट वार्षिक सरासरी फुगते. आधी प्रत्येक महिन्याचा मध्यक (क्रमानं लावलेल्या आकड्यांतला मधला) काढा, मग वर्षाचा.

सगळ्या खाडीची एकच रेघ तर अजिबात काढू नका. उत्तरेकडच्या सुइसून भागात (स्थानकं 4 ते 7) 1986 मध्ये आशियातून आलेली पोटामोकॉर्बुला ही शिंपली सापडली. ती पाणी गाळून प्लवक खाते. 1987 पासून तिथला उन्हाळी बहर जवळजवळ नाहीसा झाला. दक्षिण भागात (24 ते 32) उलटंच घडलं. पूर्वी तिथे मुख्यतः वसंतातलाच बहर असे, 1999 नंतर शरद-हिवाळ्यातही येऊ लागला. पॅसिफिक महासागर थंड टप्प्यात गेला, लेपासारखे चपटे मासे, खेकडे, कोळंबी वाढली, त्यांनी शिंपल्या खाल्ल्या आणि प्लवकांवरचा ताण हलका झाला. दोन्ही भागांची सरासरी एकत्र केली की हे बदल एकमेकांना खोडतात. बदल दिसला की लगेच खतं-सांडपाण्यावर बोट ठेवणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं जरूर पाहावीत.

उणीव एकच, पण मोठी: मासिक फेरीत आठ-दहा दिवसांचा बहर सहज निसटतो. दक्षिण भागात भांगाच्या (कमी जोराच्या) भरतीला पाणी कमी ढवळतं, पाण्याचे थर टिकतात आणि बहर झपाट्यानं चढतो. त्यामुळे बहराची नेमकी सुरुवात किंवा शिखराची तारीख या डेटावरून ठरवू नका. 2022 च्या ऑगस्टमध्ये मासे मारणाऱ्या हेटेरोसिग्मा या प्लवकाच्या बहरासारख्या घटनेसाठी उपग्रहचित्रं आणि सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदी सोबत लागतातच.