सात टाके, त्यातले वापरले तीन: नवशिक्याच्या शिलाई मशीनचे नऊ महिने

आधी माझी चूक सांगतो. सुरुवातीला ऑनलाइन १,४०० रुपयांचं प्लॅस्टिकचं मिनी मशीन मागवलं होतं. रुमालाची कड त्यावर बरी आली. पडद्याची दुमड आली, म्हणजे कापडाचे तीन पदर, आणि मशीन जागच्या जागी नुसतं घुरघुरायला लागलं. टाक्याची लांबी बदलायची सोय नाही, सुटे भाग कुठे मिळत नाहीत. पंधरा दिवसांत माळ्यावर गेलं.

मग ९,२०० रुपयांना साधं इलेक्ट्रिक झिगझॅग मशीन घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली तीन-चार मशीनं शेजारी ठेवून पाहिली तर रंग सोडून फारसा फरक दिसला नाही. दुकानदार टाके मोजून दाखवत होता. मी सोबत आत्याला नेलं होतं, तिचा जन्म काळ्या पायमशीनवर गेला. तिने टाके विचारलेच नाहीत. मशीन उचलून वजन पाहिलं, पेडल हळूच दाबून एकेक टाका पडतो का ते पाहिलं, आणि विचारलं, "बॉबिन बाजारात मिळते ना हो, की दर वेळी तुमच्याकडेच यायचं?" (बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ.)

वजनाचं तेव्हा कळलं नव्हतं. माझं मशीन साधारण सहा किलोचं आहे. वेगात शिवलं तरी टेबलावर सरकत नाही. मिनी मशीन एका हाताने धरून ठेवावं लागायचं.

पहिला महिना गुंत्यात गेला, शब्दशः. दोन इंच टीप मारली की खट्ट आवाज, आणि कापड उलटं करावं तर खाली धाग्याचं घरटं. गुंता खाली म्हणजे दोष बॉबिनचा, असं धरून मी बॉबिन दहादा काढून घातली, बॉबिन केसचा स्क्रूही पिळला (तो हात लावायचाच नव्हता). शेवटी आत्याला व्हिडिओ कॉल केला. तिने पाच सेकंद पाहिलं असेल. "अरे बाबा, फूट खाली ठेवून दोरा ओवतोयस. वर कर आधी!" फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असला की टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरून ढिला सुटतो आणि खाली जाऊन गोळा होतो. म्हणजे गुंता खाली दिसतो, पण चूक वरची असते. त्यानंतर ते घरटं परत झालं नाही.

सुईचंही असंच. मशीनसोबत आलेल्या १४ नंबरवर मी सगळं रेटत होतो. पातळ मलमलला ११ लावली आणि चुण्या थांबल्या. जीन्सला १६. सुई बोथट झाली की टप-टप असा आवाज येतो, टाके सुटतात. पाकीट स्वस्त असतं, बदलायला कंजूषपणा करू नका. आणि मशीनच्या बाजूचं चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं.

नऊ महिन्यांत काय शिवलं? उशांचे अभ्रे, दोन खोल्यांचे पडदे, भाजीच्या पिशव्या तर किती. पहिल्या पिशव्या मांजरपाटाच्या होत्या. न धुता शिवल्या, पहिल्याच धुण्यात आटून वाकड्या झाल्या. आता कापड आधी भिजवतो. टाके म्हणाल तर मशीनवर सात आहेत; साधी टीप, कडेला झिगझॅग आणि एकदा शर्टाचं काज, एवढेच वापरले. बाकीचे चार पाहुण्यांना दाखवायला.

तक्रारी आहेत. दिवा इतका मंद की काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, शेजारी टेबललॅम्प लागतोच. रात्री दहानंतर खालच्या मजल्यावरून फोन येतो. आता मशीनखाली जुनी सतरंजी घालतो. साडीला दुकानासारखा पिको यावर जमत नाही, त्या आशेने घेऊ नका. गोधडी तर नकोच.

आणि जीन्सचा पाय आखूड करताना बाजूची शिवण जिथे येते, तिथे कापडाचे सहा-सात पदर साचतात. तिथे मी पेडल सोडतो आणि हाताने चाक फिरवत एकेक टाका पार करतो. आत्याचं काळं मशीन तिथून कटकट न करता जायचं. ते अजून तिच्याकडे आहे, देत मात्र नाही.