अँकी: मराठी माध्यमातून आलेल्या पदवी विद्यार्थ्याचा वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यातल्या मराठी शाळेतून नाशिकला अर्थशास्त्राच्या पदवीसाठी आल्यावर वर्गातले व्याख्यान मला समजत होते, परंतु संदर्भग्रंथाच्या प्रत्येक पानावर पाच-सहा इंग्रजी शब्द अडत होते आणि शब्दकोशात पाहिलेला अर्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा शोधावा लागत होता. हा फेरशोध थांबावा एवढ्याच हेतूने मी अँकी हे उजळणीच्या कार्डांचे सॉफ्टवेअर वापरायला घेतले, आणि पुढील मत त्याच कसोटीवर दिले आहे.

अँकी २००६ पासून उपलब्ध असून संगणकावर ते मोफत मिळते. कार्डावर आधी प्रश्न दिसतो. उत्तर मनात आणून ते पडताळायचे आणि ‘अगेन’, ‘हार्ड’, ‘गुड’, ‘ईझी’ यांपैकी एक बटण दाबायचे, म्हणजे ते कार्ड उद्या दाखवायचे की महिन्याने, हे अँकी ठरवते. शिकलेले आपण सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरतो, हे हर्मन एबिंगहॉस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. उजळणीतले अंतर वाढवत नेण्याचे जे गणित पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये बसवले, त्यावर अँकीची मूळ पद्धत आधारलेली आहे. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाचा पर्यायही आहे, जो आपल्याच जुन्या उत्तरांवरून अंतरे ठरवतो. तो सुरू केल्यावर माझी रोजची उजळणी जाणवण्याइतकी कमी झाली.

खरा फरक मात्र कार्डे कोणी बनवली यावर पडतो. स्पर्धा परीक्षांच्या अवघड शब्दांचा एक तयार संच आणि स्वतःच्या वाचनातून बनवलेली कार्डे, असे दोन्ही प्रकार मी काही महिने शेजारी शेजारी चालवून पाहिले. तयार संचातले शब्द कार्डावर ओळखू येत, पण पुस्तकात त्यांची गाठच पडत नसल्यामुळे ते कुठे वापरतात याची जाण येत नसे. याउलट, कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले त्या काळातल्या इंग्रजी बातम्या मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून वाचल्या (१८४० पासूनच्या या संस्थेत शांतपणे बसायला जागा मिळते, हेही शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला थोडके नाही), आणि त्यांतून उचललेले ‘ग्लट’ (गरजेपेक्षा जास्त पुरवठा), ‘लेव्ही’ (कर आकारणी), ‘कर्ब’ (निर्बंध) हे शब्द जवळजवळ विनासायास बसले. आवक वाढली की लासलगावचा भाव कसा कोसळतो, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे, त्याला ‘ग्लट’चा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

कार्डावर मी बातमीतले किंवा पुस्तकातले पूर्ण वाक्य घेतो, शब्दाची जागा रिकामी ठेवतो आणि उत्तराच्या बाजूला मराठी अर्थ देतो. कोणते शब्द आधी घ्यावेत यासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुल) शैक्षणिक शब्दसूची फार उपयोगी पडली, कारण तिच्यातले शब्द कोणत्याही एका विषयापुरते मर्यादित नाहीत. ‘अल्बीट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ यांसारखे कोरडे शब्द मात्र वारंवार चुकत राहिले. मूळ रचनेत एखादे कार्ड आठ वेळा चुकले की अँकी त्यावर ‘लीच’ अशी खूण करते. अशा वेळी तेच कार्ड रेटत बसण्यापेक्षा दुसरे वाक्य घेऊन नवे कार्ड बनवणे मला अधिक फलदायी वाटले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोज २० नवी कार्डे ही मूळ मांडणी कॉलेज सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला झेपणारी नाही; त्या वेगाने काही आठवड्यांत रोजची उजळणी दीड-दोनशे कार्डांवर जाते. मी हा आकडा पाचवर आणला आहे, आणि दिवाळीत किंवा परीक्षेच्या काळात शून्यावर आणून केवळ उजळणी करतो. अँड्रॉइडवर स्वयंसेवकांनी बनवलेले अँकीड्रॉइड मोफत आहे. आयफोनवरील अधिकृत ॲपसाठी मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. नाव मिळतेजुळते असलेली इतर ॲप्सही असल्यामुळे डाउनलोड करताना नाव नीट तपासावे.

वाचनाचा वेग माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक सुधारला, लेखन तेवढे नाही. उत्तरपत्रिकेत आपणहून आठवले ते बहुतांश तेच शब्द, ज्यांची मराठीकडून इंग्रजीकडे जाणारी उलटी कार्डेही मी बनवली होती आणि जे निबंधात एकदा तरी वापरले होते. त्यामुळे आता निवडक शब्दांचीच दुहेरी कार्डे करतो. सगळ्यांची केली तर वेळ पुरत नाही. ज्यांची परीक्षा महिन्यावर आली आहे, त्यांनी हा व्याप आत्ता मांडू नये, कारण कार्डांमधली अंतरे महिन्यांत मोजण्याइतकी वाढल्यावरच या पद्धतीचा लाभ दिसू लागतो. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांनी मात्र पहिल्या सत्रातच, हातातल्या पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करावी.