संभाव्यता संच: तक्त्यासाठी घ्यावा, फाशांसाठी नव्हे

शाळेचं गणित साहित्य विकणाऱ्या दुकानांत ‘संभाव्यता संच’ नावाची पेटी मिळते. आम्ही तपासलेल्या पेटीवर छापील किंमत 850 रुपये होती. आत दोन पांढरे फासे, प्लास्टिकची दोन नाणी, 52 पत्त्यांचा कॅट, आठ भागांची फिरकी, एक कापडी पिशवी आणि तीन रंगांचे प्रत्येकी पाच मणी निघाले. शिवाय 6 × 6 घरांचा लॅमिनेट केलेला तक्ता आणि 24 पानांची मराठी पुस्तिका आहे. बॅटरी, अ‍ॅप, इंटरनेट काहीच लागत नाही. दुपारी हमखास लाइन जाणाऱ्या गावच्या शाळेला हा मोठा गुण आहे.

एकाच फाशावर सम अंक येण्याची संभाव्यता खडू-फळ्यावरही शिकवता येते, त्यासाठी साडेआठशे रुपये घालायची गरज नाही. पोरं अडकतात ती दोन गोष्टी एकत्र आल्यावर: दोन फासे, दोन नाणी, पिशवीतून एकामागून एक काढलेले दोन मणी. 2018 पासूनच्या दहावीच्या बीजगणितात पाचवं प्रकरण संभाव्यतेचं आहे आणि अकरावीला स्वतंत्र घटना (एकीचा दुसरीवर परिणाम न होणाऱ्या), सशर्त संभाव्यता (एक घटना घडली हे कळल्यावर दुसरीची संभाव्यता) समोर येतात. म्हणून ही पेटी आम्ही एकाच कसोटीवर पाहिली: संयुक्त घटना शिकवताना ती किती कामाची?

पहिली खोट फाशांत आहे. दोन्ही फासे पांढरे, एका मापाचे. ‘दोन अन् एक, एक अन् दोन, सारखंच तं झालं नं!’ हे वाक्य प्रत्येक वर्गात ऐकू येतं आणि सारखे फासे त्याला दुजोराच देतात. मग नमुना अवकाशात, म्हणजे शक्य त्या सगळ्या निकालांच्या यादीत, 36 ऐवजी 21 च निष्पत्ती उरतात आणि पुढचं सगळं चुकतं. उपाय दोन रुपयांचा आहे. एका फाशाचे ठिपके लाल परमनंट मार्करने रंगवा. नेलपॉलिशचा जाड थर एकाच बाजूवर देऊ नका, तेवढ्यानंही फाशाचा समतोल बिघडल्याची शंका मुलं घेतात आणि ती शंका रास्त असते. ‘पांढऱ्यावर 2, लालवर 1’ आणि ‘पांढऱ्यावर 1, लालवर 2’ असं तोंडाने म्हणायला लावलं की जोडीतला क्रम आपोआप ध्यानात येतो.

दुसरी खोट संख्येची. चाळीस मुलांच्या वर्गाला दोन फासे म्हणजे दोघं फेकणार आणि अडतीस जण खिडकीबाहेर पाहणार. वीस जोड्यांना चाळीस फासे हवेत. ते बाजारातून सुटे घ्या, वीस पांढरे आणि वीस रंगीत. लुडोच्या डब्यातले बारके, घासून गोल झालेले फासे मात्र टाळा. प्रत्येक जोडीने 36 वेळा फेकायचं आणि फक्त दोन्ही फाशांवर सारखा अंक आला की वहीत रेघ मारायची. याला सात-आठ मिनिटं लागतात. वर्गाच्या मिळून 720 फेकी होतात. 36 निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असतील तर सारखे अंक 720 पैकी 120 च्या आसपास यायला हवेत. 21 निष्पत्ती समसंभाव्य मानणाऱ्याच्या हिशेबाने ते 206 च्या जवळ जातील. दोन आकड्यांतलं अंतर एवढं मोठं आहे की वाद फळ्यावर मिटवावा लागत नाही, रेघाच तो मिटवतात. एकाच जोडीच्या 36 फेकींवरून निष्कर्ष काढू नका. सहाऐवजी दहा वेळा सारखे अंक आलेली एखादी जोडी वर्गात निघतेच, आणि सगळ्यांची बेरीज करण्याआधी तिला बोलू दिलं तर चुकीचं उत्तर पक्कं बसतं.

आता या पेटीतली सर्वांत चांगली वस्तू. 6 × 6 चा तक्ता जाड आहे, घरं तीन-तीन सेंटिमीटरची आहेत, मागच्या बाकावरूनही दिसतात, आणि व्हाइटबोर्डच्या पेनाने लिहून कोरड्या फडक्याने पुसता येतात. संयुक्त घटना शिकवायला याहून चांगलं साधन आम्हाला ठाऊक नाही. एक उदाहरण पुरे: ‘दोन फासे टाकले, किमान एकावर 6 येण्याची संभाव्यता किती?’ बहुतेक वही 1/6 अधिक 1/6, म्हणजे 12/36 सांगते. तक्त्यावर पांढऱ्या फाशाच्या 6 ची आडवी ओळ रंगवा: सहा घरं. लाल फाशाच्या 6 चा उभा स्तंभ रंगवा: पुन्हा सहा. आता रंगवलेली घरं मोजायला लावा. अकराच भरतात. बारावं गेलं कुठं? कोपऱ्यातलं (6, 6) हे घर ओळीतही होतं आणि स्तंभातही, ते दोनदा धरलं गेलं. 6 + 6 − 1 = 11, उत्तर 11/36. बेरजेच्या सूत्रातलं ते वजा चिन्ह कुठून येतं ते मुलाच्या बोटाखाली दिसतं. नंतर उरलेली न रंगवलेली 25 घरं दाखवा: 5/6 × 5/6. ‘किमान एक’ विचारलं की ‘एकही नाही’ काढून 1 मधून वजा करायची सवय तिथंच लागते. लॅमिनेशनच्या कडा उन्हाने सुटतात, म्हणून मे महिन्यात तक्ता पत्र्याच्या खोलीत ठेवू नका आणि कडांना आधीच चिकटपट्टी लावून घ्या.

एवढा चांगला तक्ता देणाऱ्यांनी पुस्तिका मात्र घाईत काढलेली दिसते. अकराव्या पानावर ठळक चौकटीत छापलं आहे: ‘आणि आलं तर गुणाकार, किंवा आलं तर बेरीज.’ ही चौकट खरोखर नुकसान करते, कारण वरची 12/36 ची चूक नेमकी तिच्यातूनच जन्मते. बेरीज नुसतीच्या नुसती चालते ती घटना परस्पर अपवर्जी, म्हणजे एकाच वेळी घडूच न शकणाऱ्या, असतील तेव्हा. गुणाकार नुसताच्या नुसता चालतो तो घटना स्वतंत्र असतील तेव्हा. या दोन अटी चौकटीत नाहीत.

इथं आपल्या भाषेचाही थोडा अडथळा आहे आणि शिक्षकाने तो उघड सांगावा. ‘चहा घेता का कॉफी?’ म्हटलं की आपण एकच घेतो. गणितातल्या ‘किंवा’मध्ये दोन्ही चालतात. तसंच ‘स्वतंत्र’. स्वतंत्र चूल, स्वतंत्र खोली म्हणजे वेगळी. म्हणून मुलांना वाटतं, एकमेकींत न मिसळणाऱ्या घटना स्वतंत्र. प्रत्यक्षात उलट आहे. एका फाशावर सम येणं आणि विषम येणं या घटना परस्पर अपवर्जी आहेत, पण सम आला हे कळताच विषमची संभाव्यता शून्य होते. म्हणजे एकीच्या बातमीने दुसरी पूर्ण बदलली. संभाव्यता शून्य नसलेल्या दोन घटना परस्पर अपवर्जी असतील तर त्या स्वतंत्र असूच शकत नाहीत. वर्गात ‘एकीची बातमी कळल्यावर दुसरीचा अंदाज बदलतो का?’ हा प्रश्न विचारायची सवय लावावी. व्याख्येपेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

पिशवी आणि मण्यांचा प्रयोग आहे तसा करू नका. लाल मणी बाकीच्यांपेक्षा थोडे मोठे आहेत, बोटांना कळतात. पिशवीचं कापडही इतकं विरळ आहे की उजेडात रंग दिसतो. एका मापाचे कंचे आणि जाड खादीची थैली घ्या. त्याहून मोठी अडचण आकड्यांची आहे. पुस्तिका पंधराही मणी घालायला सांगते. पहिला मणी परत टाकून दोन्ही लाल येण्याची संभाव्यता 1/9, न टाकता 2/21. म्हणजे 0.111 आणि 0.095. वर्गातल्या दीडशे-दोनशे प्रयत्नांत हा फरक दिसणारच नाही आणि मुलं म्हणतील, परत टाका की नका टाकू, फरक पडत नाही. दोन लाल आणि दोन पांढरे, एवढे चारच घाला. परत टाकून 2/4 × 2/4 = 1/4, न टाकता 2/4 × 1/3 = 1/6. प्रत्येक पद्धतीचे 120 प्रयत्न केले की अपेक्षा 30 आणि 20 ची. हा फरक बहुधा मोजात उतरतो. वृक्षाकृती काढतानाही चारच मणी असले की दुसऱ्या फांदीवरचा छेद 4 वरून 3 का झाला ते लगेच दिसतं.

फिरकीचा बाण घट्ट रिव्हेटवर बसवला आहे. एक थेंब शिलाई मशिनचं तेल द्या, आणि टेबल समपातळीत आहे का ते कंचा ठेवून बघा. कंचा घरंगळला तर बाणही त्याच बाजूला थांबेल. पत्ते ठीक आहेत. ‘राजा किंवा बदाम’ हा प्रश्न त्यांवर छान बसतो: 4 + 13 − 1 = 16, म्हणजे 16/52, तोच बदामचा राजा दोनदा मोजला जातो. वर्गात पत्ते आणायला पालकांची हरकत असेल तर चार रंगांच्या कार्डशीटचे 52 तुकडे कापले तरी काम भागतं. प्लास्टिकची नाणी हलकी आहेत, टाइल्सवर उसळून बाकाखाली जातात, खरी एक रुपयाची नाणी बरी. दोन नाण्यांचा प्रश्न सोपा समजून घाई करू नका. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी 1754 मध्ये तिथल्या विश्वकोशात लिहिलं होतं की दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता 2/3 आहे. पहिल्याच फेकीत छापा पडला की खेळ संपला, म्हणून छापा, काटा-छापा, काटा-काटा अशा तीनच निष्पत्ती त्यांनी समान धरल्या. खरं उत्तर 3/4. तीन निष्पत्ती दिसल्या म्हणून त्या समसंभाव्य होत नाहीत.

समसंभाव्य हा शब्द पोकळ राहू नये म्हणून पेटीबाहेरचं एक साधन सुचवतो: अष्टाचंग्याचे चिंचोके. खरबरीत दगडावर एक बाजू पांढरी सपाट होईपर्यंत घासायचा, चार चिंचोके पुरतात. घासताना तो तापतो आणि पोरं एकमेकांना चटका देतात, तेवढं लक्ष ठेवा. आधी एक चिंचोका 100 वेळा टाकून पांढरा किती वेळा वर आला ते मोजा. समजा 60 वेळा आला. मग चारही सारख्याच घासलेल्या चिंचोक्यांवर चारही पांढरे येण्याची संभाव्यता 0.6 चा चौथा घात, 0.1296. चारही काळे येण्याची 0.4 चा चौथा घात, 0.0256. शंभर डावांत पहिलं साधारण 13 वेळा, दुसरं दोन-तीनदा. दोन्ही बाजू समान असत्या तर दोघांनाही 1/16 च मिळाले असते. चारही काळ्यांना चारही पांढऱ्यांपेक्षा मोठं दान का, याचं उत्तर मुलं स्वतः काढतात.

मणी परत न टाकता काढले की अवलंबन आपणच घडवतो; पण स्वतंत्र वाटणाऱ्या घटना सामायिक कारणामुळे केव्हा स्वतंत्र राहत नाहीत, हे शिकवायला पेटीत काहीच नाही. फासा, नाणं, फिरकी, सगळं मुळातच स्वतंत्र. यासाठी आपल्याकडे घरोघर असलेलं सोयाबीन वापरा. उगवणक्षमतेची चाचणी शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असते: ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के लागतात. रंगीत, औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हाती मुळीच देऊ नका, घरचं साधं धान्य घ्या. फक्त मांडणी बदला. दोन-दोन दाण्यांच्या 50 जोड्या करा, जशा टोबताना एका जागी दोन दाणे टाकतात.

समजा 70 दाणे उगवले. दाणे स्वतंत्रपणे उगवत असतील तर दोन्ही उगवलेल्या जोड्या 0.7 × 0.7 × 50, म्हणजे 24-25. एकच उगवलेल्या 21. एकही न उगवलेल्या 0.3 × 0.3 × 50, म्हणजे चार-पाच. आता प्रत्यक्ष मोजा. कधी कधी 30 जोड्यांत दोन्ही, 10 मध्ये एकच आणि 10 पूर्ण कोऱ्या असंही निघेल. उगवलेले दाणे तरीही 70 च, पण कोऱ्या जोड्या दुप्पट. गोणपाट उलगडून त्या जोड्या कुठं होत्या ते बघा. बहुधा एका वाळलेल्या कोपऱ्यात किंवा बुरशी धरलेल्या ठिकाणी. तिथं एक दाणा मेला की शेजारचाही त्याच कारणाने मेला. गुणाकाराचा नियम इथं लागू पडला नाही, कारण दोघांचं कारण एकच होतं. पेरणीनंतर पंधरा दिवस पाऊस दडी मारतो तेव्हाही तेच होतं. एका जागी दोन दाणे टाकल्याने वाईट बियाण्यापासून बचाव होतो, कोरड्यापासून होत नाही, आणि दुबार पेरणी त्यामुळेच टळत नाही.

पेटी बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या आवृत्तीत अकराव्या पानावरची ती चौकट काढून त्या जागी हा 50 जोड्यांचा तक्ता छापा, आणि फासे दोन रंगांचे द्या.