सोलापुरात कन्ना चौकाजवळची गणिताची शिकवणी: पाचपैकी चार तारे

धाकटा नववीत. घटक चाचणीत करणीच्या (√२, √३ असल्या मुळांच्या) प्रश्नाला भोपळा आणला, म्हणून दिवाळीनंतर इथं घातला. महिना सातशे, आठवड्याला चार दिवस, सहा ते साडेसात. खाली यंत्रमाग, वर वर्ग. माग बंद होईस्तोवर सर ओरडूनच शिकवतात.

आधीच्या क्लासात 'छेदात करणी ठेवायची नाही' एवढंच घोकून घेतलं होतं. का, तर मार्क जातात! इथं पहिल्याच दिवशी १/√२ ची किंमत हातानं काढायला लावली. १ ला १.४१४ नं भागताना पोरं घामाघूम. मग सरांनी वर-खाली √२ नं गुणलं, झालं √२/२. म्हणजे १.४१४ चं निम्मं, ०.७०७. मी दाराशी उभी होते. दहावी होऊन वीस वर्षं झाली, युनिफॉर्म शिवते. छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातली करणी घालवणं, कशासाठी हे मला त्या दिवशी कळलं.

छेदात दोन पदं आली की आमच्या पठ्ठ्याचं गाडं अडायचं. १/(√५ − √३) ला तो √५ − √३ नंच गुणायचा. छेद ८ − २√१५, करणी आहे तिथंच. सरांनी 'अनुबद्ध जोडी' हा शब्द मागाहून सांगितला, आधी मधलं चिन्ह बदलून गुणायला लावलं. मधली पदं उडाली, ५ − ३ = २ उरले. उत्तर (√५ + √३)/२. वर पडताळा: २.२३६ आणि १.७३२, बेरजेचं निम्मं १.९८४, वजाबाकी ०.५०४, १ ला ०.५०४ नं भागलं तरी १.९८४. हा पडताळा पोरगा आता घरी न सांगता करतो.

घरी तेलुगू बोलणारी पोरं अडली की सर तेलुगूत सांगतात, तेही बरं वाटलं.

एक तारा कापला तो वह्यांसाठी. सर वह्या तपासत नाहीत. नुसता छेद गुणायचा आणि अंश तसाच सोडायचा, ही चूक वहीत तीन आठवडे होती. शेवटी मीच धरली. फळाही एवढासा. करणीची आडवी रेघ कुठवर ओढलीय ते मागून दिसत नाही, मग √३ + १ चं √(३ + १) होतं आणि उत्तर सरळ २ येतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत चार दिवस सुट्टी दिली, ते तास अजून भरून दिलेले नाहीत.

आणि सर, वर पत्रा आहे. मार्चच्या आत आणखी एक पंखा लावा.