डच घरसंसार पाहायचा तर द होख की स्टेन?

सतराव्या शतकातलं डच घर चित्रांतून समजून घ्यायचं आहे, पण त्या काळातल्या चित्रकारांपैकी पीटर द होख घ्यावा की यान स्टेन, असा प्रश्न पडतो. दोघांची महत्त्वाची चित्रं ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत.

घराची रचना द होखकडेच पाहावी. १६६३ च्या चित्रात दोघी जणी धुतलेले कपडे घडी घालून ओकच्या मोठ्या कपाटात ठेवताहेत आणि उघड्या दारातून थेट रस्ता दिसतो. दुसऱ्या एका चित्रात आई मुलाच्या डोक्यातल्या उवा काढते आहे. मागे भिंतीत बसवलेला पलंग, पुढे लहान मुलाची शौचाची खुर्ची. इतकं नेमकं क्वचितच कुणी रंगवलं.

खाणं, सण, मुलांचे रुसवेफुगवे यांत मात्र स्टेन सरस. सेंट निकोलसच्या सणाला मुलांच्या बुटात भेटी ठेवतात, खोडकर मुलाला मात्र छडी. स्टेनच्या या सणाच्या चित्रात बुटात छडी मिळालेला मुलगा रडतोय, समोर टोपलीभर गोड पदार्थ.

विश्वासार्हता? दोघांनाही जपून वाचा. स्टेनचा पसारा बोधासाठी मुद्दाम वाढवलेला असतो. द होखच्या नंतरच्या चित्रांतली संगमरवरी फरशी प्रत्यक्षात मोजक्याच श्रीमंत घरांत होती.

खोल्या, सामान, रोजची कामं अभ्यासायची तर द होख. चालीरीती आणि विनोद हवा तर स्टेन.